रोजच्या धावपळीत अचानक श्वास थांबवणारे क्षण (रजा टाकून पाहिलेले नकोत!)

खारफुटी

नियम आधी सांगते, नंतर भांडणं नकोत. ताजमहाल, पँगाँग, स्वित्झर्लंड सुंदरच आहेत. पण तिथे जाताना पैसे भरलेले असतात, रजा मंजूर झालेली असते आणि थक्क व्हायचं हे आपण घरूनच ठरवून निघतो. ते इथे नको. हातात काम आहे, डोक्यात भलतंच काही चाललंय, आणि समोर असं काही आलं की क्षणभर श्वास घ्यायचाच राहून गेला, असं काही असेल तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. हार्बर लाईन, संध्याकाळची पनवेल लोकल. मानखुर्द सुटलं की गाडी खाडीपुलावर चढते. महिलांच्या डब्यात तेव्हा जे चालतं ते सगळं चालू होतं. एक बाई मेथी निवडत होत्या, दोघींचं चौथ्या सीटवरून वाजलं होतं, एकीचं फोनवर मुलाला 'कुकरची शिट्टी मोज' चाललेलं. मी दाराशी. ओहोटी होती. वाशीकडे जाताना डाव्या हाताला चिखलावर फिकट गुलाबी पट्टा दिसत होता. आता ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात हे काय नवीन नाही. २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो रामसरचा दर्जा मिळाला, दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो. मी पण 'आले वाटतं' म्हणून मान वळवणारच होते.

तेवढ्यात तो अख्खा पट्टा उठला. वरून एखादा शिकारी पक्षी गेला असेल. बसलेले असताना हे पक्षी लांबून पांढुरकेच दिसतात. पंख उघडले की आतला भडक गुलाबी आणि कडेची काळी पिसं बाहेर येतात. हजारोंचे पंख एकदम उघडले. थवा एकदा वळला तेव्हा सगळा गुलाबी झाला, पुन्हा वळला तेव्हा सगळा काळा. मेथीवाल्या बाईंची काडी हातातच राहिली. चौथ्या सीटवालीचं भांडण अर्ध्या वाक्यात थांबलं. डब्यात कुणी मोबाईल काढला नाही, तेवढा वेळच नव्हता. पूल संपला, वाशी आलं, उतरणाऱ्यांचा लोंढा दाराशी आला.

आता तुम्ही.

दीड_शहाणा

मे महिन्याचं लाईटबिल. हातात काम होतं, डोक्यात भलतंच चालू होतं, अचानक समोर आलं. नियमात बसतंय.

खारफुटी

बसतंय. पण पैसे भरून थक्क झालेलं चालणार नाही म्हटलंय वर. :)

पॅसेंजरवाला

मस्त धागा. घर संगमेश्वरला, नोकरी रत्नागिरीत, त्यामुळे करबुडे बोगदा रोज दोनदा. साडेसहा किलोमीटरचा आहे. आत शिरल्यावर रेंज जाते, मग लोक नाइलाजाने गप्प बसतात, आणि गाडीचा आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होतो. जुलै-ऑगस्टात परतीच्या गाडीत या काळोखातून बाहेर आलो की उक्षीजवळ रानपाटचा धबधबा. गाढ झोपलेले लोकसुद्धा तिथे डोळे उघडतात. माझा एक सहप्रवासी कोर्टात कारकून आहे, जन्मात कधी कशाचं कौतुक केलं नाही त्याने. तोही दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात खिडकी बदलून मागतो. कारण सांगतो की त्या बाजूला हवा येते.

बालाघाटी

आमच्याकडं खाडी नाही, धबधबा पण नाही. आमच्याकडं बोअर आहे.

ज्यांनी कधी स्वतःच्या पैशाचा बोअर घेतला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. एप्रिलचा शेवट, विहीर तळाला गेलेली, मोसंबीची पानं मुडपायला लागलेली. बाग आठ वर्षांची, म्हणजे ऐन फळावरची. टँकरनं किती दिवस जगवणार? बोअरची गाडी मिळाली ती रात्री अकराला. या गाड्यांवरची पोरं बहुतेक तमिळनाडूची, तिरुचेंगोडे का कुठल्या भागातली. बोअरच्या गाड्यांचं गावच आहे ते. त्यांना मराठी चार शब्द येतं, आम्हाला तमिळ एक पण नाही. पण 'फूट' आणि 'पैसा' दोघांनाही कळतं.

सुरुवातीला माती, मग मुरूम. तिथपर्यंत केसिंग पाइप उतरवतात. त्याच्या खाली लागतो काळा पाषाण, आणि खरा खेळ सुरू होतो. कॉम्प्रेसरची हवा खाली जाते आणि दगडाचा पिठासारखा बारीक भुगा घेऊन वर येते. आम्ही त्याला फुफाटा म्हणतो. तासाभरात सगळं घर पांढरं. भुवया पांढऱ्या, म्हैस पांढरी. जोवर फुफाटा कोरडा उडतोय तोवर तुमचा पैसा जमिनीत चाललाय असं समजायचं. एक रॉड संपला की पोरगं दुसरा लावतं, आणि वडिलांकडं बघतं. खोल जाईल तसा फुटाचा दर पण वाढतो.

वडील लांब बांधावर उकिडवे बसलेले, गाडीकडं पाठ करून. दोनशे फूट झालं, कोरडं. मी जाऊन विचारलं, "आप्पा, थांबवायचं का?" ते बोलले नाहीत. एक बोट वर केलं. एक रॉड अजून.

तो अर्धा गेला आणि फुफाट्याचा रंग फिरला. पांढऱ्याचा लाल झाला. दोन पाषाणांच्या मधी लाल मातकट थर असतो आमच्याकडं, जुने लोक तो लागला की सावध होतात. मग मशीनचा आवाज बदलला, जरा बसका झाला. मग धूळ उडायचीच थांबली. तिथं उभा राहिलेला एकही माणूस हलला नाही. आई, चुलते, शेजारचे, ज्यांच्याकडून पैसे उसने घेतले ते पण. दोन-तीन चिखलाचे गोळे बाहेर पडले आणि गाडीवरचं पोरगं ओरडलं, "तन्नी!"

मग फवारा आला. दोन इंची पाणी. वडील तरी पण बांधावरच. अंगावर थेंब आल्यावर उठले आणि पहिलं काय बोलले असतील तर, "त्या पोरांना जेवायला घाला."

का लागतं, का लागत नाही हे नंतर वाचलं. आपल्या पठाराचा दगड म्हणजे लाव्हाच्या थरावर थर. अखंड पाषाणात पाणी मुरतच नाही. ते असतं भेगांत नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. तुमचा बोअर त्या भेगेला लागला तर लागला. म्हणून पन्नास फुटांवर शेजाऱ्याचा कोरडा जातो आणि त्यात कुणाचं पापपुण्य नसतं.

दीड_शहाणा

जबरदस्त लिहिलंय. एक शंका. जागा कुणी दाखवली होती? नारळवाल्याने?

बालाघाटी

हो, पानाड्याच होता. तळहातावरचा नारळ उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्याच नारळानं शेजाऱ्याला दोनदा कोरडा फुफाटा दिलाय, ते पण बघितलं. पण एवढा पैसा जमिनीत घालायच्या आधी माणसाला 'हितं घाल' म्हणणारं कुणीतरी लागतं हो.

पुणेरी_पाटी

भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. म्हणजे साधारण दोनशे फूट. खोलवरचं पाणी भरून यायला फार काळ लागतो, ते असं उपसत राहिलं तर पुढे काय? अवांतराबद्दल क्षमस्व, पण कुणीतरी म्हणायला हवं.

बालाघाटी

कायदा मला माहीत आहे. मोसंबीला माहीत नव्हता.

(तुमचं म्हणणं खोटं नाही दादा. पुढच्याच वर्षी शेततळं केलं. पण तो विषय इथला नाही.)

रात्रपाळी

वाचनमात्र असते एरवी. पण शीर्षक वाचून राहवलं नाही, कारण श्वास थांबणं हा आमच्याकडे अलंकार नाही. मी नर्स आहे, डोंगराळ भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात.

बहुतेक बाळं बाहेर येतात आणि आपणहून रडतात. नऊ महिने फुप्फुसात द्रव असतो, पहिल्या काही श्वासांत तो सरतो आणि हवा आत जाते. यात आमचं कर्तृत्व फारसं नसतं. पण दहातल्या एखाद्या बाळाला थोडीफार मदत लागते. ते दहावं बाळ कुठलं, हे आधी नेहमीच कळतं असं नाही.

त्या रात्री पावसाने रस्ता बंद होता, रुग्णवाहिका नदीपलीकडे. पहिलटकरीण. कळा चांगल्या, ठोके चांगले, सगळं सुरळीत. बाळ आलं ते निळं आणि लुळं. हात धरून उचलला तर खाली पडतोय.

घड्याळाकडे नजर गेली. पहिल्या मिनिटाला आम्ही गोल्डन मिनिट म्हणतो, त्या मिनिटात बाळ श्वास घ्यायला तरी लागलं पाहिजे, नाहीतर आपण तो द्यायला सुरुवात केली पाहिजे. कोरड्या, कोमट कापडाने पुसलं. ओलं कापड टाकून दुसरं घेतलं. पाठ चोळली. काही नाही. आधी तोंड, मग नाक साफ केलं. काही नाही. नाळ कापून बाळ वॉर्मरखाली. मान किंचित मागे, मास्क हनुवटीपासून नाकापर्यंत नीट बसवला, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबायला सुरुवात.

हे मिनिटाला चाळीस ते साठच्या वेगाने करायचं असतं, आणि भीतीने हात हमखास जोरात पळतो. म्हणून मोठ्याने म्हणायचं: दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. दाबलं की छाती वर आली पाहिजे. नाही आली तर तुम्ही नुसती हवा वाया घालवताय. आली. पण स्वतःचा श्वास नाही.

टेबलावरून आई विचारत होती, "रडत का नाही?" मला उत्तर देता येत नव्हतं, तोंडात आकडे होते. आमच्या मावशी दाराशी उभ्या होत्या, त्या केंद्रावर माझ्या आधीपासून आहेत आणि एरवी सतत बोलतात. त्या गप्प. बाहेर पत्र्यावर पाऊस पडत होता. दाब, दोन, तीन.

मग बाळाने कपाळाला आठी घातली. अगदी, झोपमोड झाल्यावर म्हातारी माणसं घालतात तशी. एक उचकी. मास्क उचलून पाहिला, छाती आपली आपण वर गेली. आणि मग ते जे काही किंचाळलं!

रंग छातीकडून बाहेर पसरतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का? आधी छाती गुलाबी, मग तोंड, मग दंड. तळहात आणि तळपाय बराच वेळ निळसरच राहतात, त्याने घाबरायचं नसतं. मी एवढी वर्षं हे काम करतेय, तरी तो रंग पसरताना माझा श्वास कुठेतरी अडकलेला असतो, आणि बाळाच्या दुसऱ्या रडण्यानंतर तो सुटतो. मावशींनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल तर, "आता गप बसंल का हे?"

मग बाळ आईच्या छातीवर, आणि मी रजिस्टर भरायला.

एक विनंती. सिनेमात दाखवतात तसं बाळाला पायाला धरून उलटं टांगून फटके मारायचे नसतात. नातेवाईक अजूनही विचारतात, "उलटं का नाही धरलं?"

पॅसेंजरवाला

ताई, बाळ आता कसं आहे?

रात्रपाळी

बालवाडीत जातं. भयंकर आगाऊ आहे.

दीड_शहाणा

नमस्कार घ्या. आज विनोद नाही.

स्टेथो

सुंदर. श्वास 'थांबतो' यामागचं शरीरशास्त्र थोडक्यात: अनपेक्षित काही समोर आलं की मेंदू बाकीची कामं क्षणभर बाजूला ठेवून सगळं लक्ष तिकडे वळवतो. त्यात हालचाल थांबते, नजर स्थिर होते, श्वासही काही क्षण रोखला जातो. मांजर आवाजाच्या दिशेने कान करून जशी थिजते, तोच जुना प्रतिसाद आपल्यातही आहे. म्हणजे खारफुटीताईंच्या डब्यातली मेथीची काडी आणि बालाघाटींच्या बांधावरची शांतता, यंत्रणा तीच. रात्रपाळीताईंच्या बाबतीत मात्र तज्ज्ञ म्हणून काही बोलणं मला अगाऊपणाचं वाटतं.

पुणेरी_पाटी

आम्ही मागच्या जूनमध्ये काजवा महोत्सवाला भंडारदऱ्याला गेलो होतो. एकाच झाडावर लाखो काजवे, सगळे एकदम पेटतात, एकदम विझतात. अक्षरशः श्वास रोखला गेला. ग्रुप बुकिंगला सवलत असते, कुणाला हवं असेल तर...

खारफुटी

नियम!! बुकिंग हा शब्दच तुम्ही स्वतः लिहिलाय.

हिरडा_बेहडा

मी त्या बाजूचाच. राजूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पाटीसाहेब, राग मानू नका, पण तुमच्या सहलीची दुसरी बाजू लिहितो.

लहानपणी मेच्या शेवटाला वळवाचा पाऊस झाला की बाप म्हणायचा, काजवा दिसला, आता दाढा (भाताच्या रोपांची जागा) भाजून झाल्या पाहिजेत, पाऊस लांब नाही. काजवा बघायला कुणी जात नसे. रात्री खळ्यात झोपलेलो असायचो, लघवीला उठायचं आणि समोर हिरड्याचं झाड पेटलेलं. सादडा, जांभूळ, बेहडा, उंबर, अशी ठरावीक झाडं. एक झाड लुकलुकलं की त्याच्या शेजारचं, मग ओढ्यापलीकडचं. लाट डोंगर उतरून यायची आणि परत वर जायची. आवाज काही नाही. मी उघड्या अंगाने तसाच उभा, कशाला उठलो होतो ते विसरून.

आता जूनमध्ये शनिवार-रविवारी आमच्या घाटात गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, मोबाईलचे टॉर्च, गाणी. काजव्याचा तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. मादी खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते. तुमच्या हेडलाइटमध्ये तिला काय दिसणार? आणि झाडाखालचं गवत तुडवलंत तर तिथेच ती असते. वनखातं सांगतं, आम्ही पोरं पण उभी राहून सांगतो. पंचवीस गाड्या ऐकतात, सव्विसावा उतरून फांदी हलवतो, काजवे उडावेत म्हणून.

हे पण लिहितो की त्या महिन्यात आमच्या घरी चार पैसे येतात. माझी वहिनी पिठलं-भाकरी करून देते. त्यामुळे येऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या, पण दिवे बंद करून या.

पुणेरी_पाटी

राग नाही. फांदी हलवणाऱ्यांत आम्ही नव्हतो एवढं नोंदवतो. आणि नियमाबद्दल: ठरवून पाहिलेल्या गोष्टीने श्वास थांबत नाही, हे गृहीतकच मला मान्य नाही.

दुर्बीणवाला

पाटीसाहेबांना अनुमोदन. मी शनी दाखवतो. सोसायटीच्या गच्चीवर, सहा इंची दुर्बीण. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेलं असतं, काय दिसणार हे आधी सांगितलेलं असतं, रांगेत उभं राहून पाळी येते. तरी डोळा लावला की माणूस पहिले काही क्षण बोलत नाही. चंद्र पाहून लोक 'वा वा' करतात, गुरू पाहून 'ते चार ठिपके चंद्र का?' विचारतात. शनीला आधी शांतता, मग एकच प्रश्न, ठरलेला: "आत चित्र चिकटवलंय का?"

आमच्या वॉचमनकाकांनी तर विचारूनही समाधान करून घेतलं नाही. नळीच्या तोंडापुढे हात धरून पाहिला, शनी गेला. हात काढला, आला. तरी संशय. मग म्हणाले, "अहो, हे तर सरकतंय!" पृथ्वी फिरते म्हणून शनी नळीतून हळूहळू निसटतो, दुर्बिणीला मोटर नसेल तर सतत ढकलत राहावं लागतं. चिकटवलेलं चित्र सरकणार नाही, हे त्यांना पटलं आणि तेव्हा चेहरा बदलला. डोळा काढला, नुसत्या डोळ्यांनी वर त्या पिवळट ठिपक्याकडे पाहिलं, परत दुर्बिणीला लावला. "मी रोज रात्री खाली बसतो. हे रोज वरच असतं?"

गंमत म्हणजे खुद्द गॅलिलिओही याच गोंधळात होता. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं, ते काय हे कळेना. १६१२ मध्ये पाहिलं तर गायब! कडी कडेवरून दिसायला लागली की इतकी पातळ होते की दिसतच नाही. ही स्थिती साधारण पंधरा वर्षांनी येते, मार्च २०२५ मध्ये नुकतीच येऊन गेली. कडी आहे हे हायगेन्सने पुढे चाळीसेक वर्षांनी ओळखलं. म्हणून सध्या माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो, कडी बारीक दिसेल, निराश होऊ नका, दर वर्षी उघडत जाईल.

महाद्वार_रोड

ठरवूनच्या बाजूने अजून एक मत. कोल्हापूर. आमचं बांगड्यांचं दुकान देवळाच्या पश्चिमेला, त्यामुळे मला तिकीटही नाही, रजाही नाही. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत नाहीतर छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असा शिरस्ता. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली. पण ढग, धूळ, वाटेतलं बांधकाम, काहीही आडवं येतं.

आतले दिवे बंद करतात. किरण पितळी उंबऱ्याशी आला की गर्दी एकदम गप्प होते, मग जो तो पायरीपायरीने मोजायला लागतो. गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला... आणि कधीकधी तिथेच विरतो. तेव्हा शेकडो माणसं एकदम 'च्च' करतात. मी लहानपणापासून बघतोय. मुखापर्यंत पोहोचतो त्या वर्षी गिऱ्हाईक दुकानात उभं असलं तरी मी धावत जातो. बायको म्हणते तिथंच बिऱ्हाड करा.

टाइन_काठी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून. नियमात बसणारं एक छोटंसं. १० मे २०२४, शुक्रवारची रात्र. अकराला कचऱ्याचा डबा बाहेर सरकवायला गेले. अंगावर गाऊन, पायात नवऱ्याच्या सपाता. डब्याचं चाक अडकलं म्हणून खाली बघत होते, तर डबाच हिरवा-गुलाबी दिसायला लागला. वर पाहिलं. डोक्यावर मधोमध एक जागा, आणि तिथून सगळ्या दिशांना गुलाबी, हिरव्या, लाल तिरिपी उतरलेल्या, हलत होत्या. २००३ नंतरचं इतकं मोठं सौर वादळ, हे दुसऱ्या दिवशी कळलं. उंचावर ऑक्सिजन लाल चमकतो आणि खालच्या थरात हिरवा, हे पण. त्या क्षणी फक्त भीती वाटली, खरं सांगते.

मग समोरच्या घराचं दार उघडलं. तिथले आजोबा, गेली कित्येक वर्षं हवामानापलीकडे एक शब्द बोललेले नाहीत. तेही सपातांत. आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध उभे. साताऱ्याला नणंदेला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाटेचे साडेतीन. तिने पहिल्यांदा विचारलं, "कोण गेलं?"

दीड_शहाणा

"कोण गेलं" ला फुटलो. पहाटेच्या फोनला दुसरा प्रश्नच नसतो आपल्याकडे.

ओतूरकर

धागा आवडला पण सगळं गोड गोड चाललंय. श्वास भीतीनं पण थांबतो, ते चालेल का?

आमच्या जुन्नर भागात बिबट्या म्हणजे रोजचा विषय. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. त्याला जंगल म्हणजे आमचा ऊसच. आणि आम्हाला शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला बारं (उसाला पाणी) द्यायला जायचं म्हणजे जायचं, पिकाला सांगता येत नाही उद्या ये म्हणून.

स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं, हिरवं बटण दाबलं, मोटर धरली. वळलो आणि बॅटरीचा झोत बांधावर गेला. दोन डोळे. मी आणि तो यांच्यात एक सरी पाणी. लोक सांगतात ओरडायचं, हात वर करायचे, मोठं दिसायचं. माझ्याच्यानं काही झालं नाही. मोटारीचा आवाज होता तरी मला त्याचा श्वास ऐकू येत होता, का माझाच होता कोण जाणे. त्यानं बघितलं, मान फिरवली आणि उसात शिरला. एवढं जनावर गेलं पण पात हललं नाही. ते पात न हललेलं मला अजून आठवतं, डोळे तेवढे आठवत नाहीत.

हे मी शौकानं लिहीत नाही. आमच्याकडं माणसं गेलीत, लहान पोरं गेलीत. रील बघून 'किती देखणा' म्हणणाऱ्यांनी एक रात्र बारं द्यायला यावं.

तरी एक लिहितोच. तोडणीला टोळी आली होती, फडात दोन बछडे सापडले, डोळे उघडलेले, मांजराएवढे. वनखात्याची माणसं आली, माणिकडोहच्या निवारा केंद्राचे डॉक्टर आले, बछडे तपासले, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले आणि कॅमेरा लावला. आईला पोरं सापडली नाहीत तर ती चवताळते, म्हणून हे करतात. सकाळी गार्डच्या मोबाईलवर आम्ही सगळे डोकं घालून बघत होतो. टोळीच्या बाया पण. ती आली, पंजानं क्रेट आडवा केला, एकाला मानेला धरलं आणि गेली. दुसरं एकटं. इकडं तिकडं बघतंय. ती येईना. रात्रीच सगळं होऊन गेलेलं होतं, गार्डला शेवट माहीत होता, तरी त्याच्यासकट कुणी बोलेना. एक तोडकरीण बाई, तिचं स्वतःचं तान्हं झोळीत, ती स्क्रीनला म्हणाली, "ये की गं."

आली. नेलं.

रात्रपाळी

दादा, तुम्ही अजून रात्रीच जाता का पाणी द्यायला?

ओतूरकर

जातो, आता दोघं जातो. मोठी बॅटरी, आणि मोबाईलवर मोठ्यानं भजन लावून. सौर पंपाचा अर्ज भरलाय. तो बसला की दिवसा पाणी. भावाचा बसलाय, तो रात्री घरी झोपतो आणि सकाळी मला झोपेचं महत्त्व सांगतो.

बालाघाटी

अर्जाला किती दिवस झाले? आमच्याकडं पण भरायचाय. कागदपत्रं कोणती लागली ते व्यनि (खाजगी निरोप) करा ना.